कच्ची यादी

अण्णा, ड्राइव्ह आली.

पंजात मावेल एवढी काळी डबी आहे. एक वायर, आणि पुढे फ्लॉपी सरकवायची फट. फ्लॉपी वाचायचं यंत्र आता कुठेच मिळत नाही, असं तुम्ही मला दोन वर्षं सांगत होतात. मिळतं. चार दिवसांत मंचरला तुमच्या दुकानाच्या दारात येतं. तुम्हालाही ते माहीत होतं, कारण मीच तुम्हाला मोबाईलवर दाखवलं होतं आणि तुम्ही चष्मा पुसत "बघू की" म्हणाला होतात. तुम्ही चष्मा पुसायला लागलात की विषय संपला, एवढं मला कळायचं. का संपला, ते कळत नव्हतं.

ऑर्डर मी तुमच्या दशक्रियेला दिली. नदीवर सगळे हात जोडून उभे होते, पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि मी मागे उभी राहून मोबाईलवर पत्ता भरत होते. चांगलं दिसलं नाही. तुमच्या धाकट्या भावाने, बबनभाऊंनी, माझ्याकडे वळून बघितलंही. पण तिथे मला दुसरं काही सुचत नव्हतं. बायका रडत होत्या, माझ्या डोळ्यांत काही नव्हतं. फोन आला त्या दिवशीही नव्हतं. मी पेठच्या स्टॉपवर उभी होते. तुमच्या घरून काकी म्हणाल्या, "अण्णा गेलं गं." मी म्हणाले, "बरं." एवढंच. मग एस.टी. आली, मी चढले, खिडकी मिळाली म्हणून बरंही वाटलं. तेव्हापासून तसंच चाललंय. जेवण जातं, झोप लागते, लोकांशी भांडताही येतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, मग गाल आपला असतो आणि आपला नसतो, तसं.

कावळा येईना तेव्हा कुणीतरी म्हणालं, माणसाचं काहीतरी राहिलंय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, त्यावरून तुम्ही मला भरपूर ऐकवलंत. पण मनात आलं, हो, राहिलंय. मंचरच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात राहिलंय. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

मला यादी हवी होती, अण्णा. तुमच्याकडून दुसरं काही नको होतं.

मढ गावच्या वर डोंगरात तुमची वाडी. चाळीसेक घरं. उतारावर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी आणि वरई करतात, आणि सरकारच्या कागदावर तिथे नुसतं जंगल आहे. कायदा आला, ठरलेल्या तारखेच्या आधीपासून कसता हे दाखवा आणि जागा नावावर करून घ्या. दाखवायचं कशाने? तर तुम्ही तरुणपणी, दुकान नवीन टाकलं होतं तेव्हा, दोर आणि वही घेऊन वाडीतली एकेक जागा मोजली होती. कुणाची, कुठे, काय पिकतं, केव्हापासून. रात्री मुक्काम वाडीत, मग मंचरला येऊन टाईप. ती यादी तुम्ही तालुक्याच्या कार्यालयात दिलीत. आज आमच्याकडे तिच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आहे, आवकचा शिक्का मारलेली, आणि बाकीची पानं कार्यालयाला सापडत नाहीत. पुरावा तुम्हीच हरवायचा आणि पुरावा द्या म्हणून आम्हालाच नोटीस काढायची. यावर मी चार पत्रकं लिहिली. चारही टाईप तुम्हीच केलीत. आणि यादी तुमच्या पायापाशी खोक्यात होती.

आता ग्रामसभा लागली होती. यादी सगळ्यांसमोर वाचायची, ठराव करायचा, तो दाव्यांना जोडायचा. नाहीतर दावे निकाली काढणार होते. कार्यालयाच्या भाषेत निकाली काढणे म्हणजे फेटाळणे, हे मला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही मला बरंच शिकवलंत. ते इथे लिहायला माझ्या जिवावर येतंय, पण लिहिते.

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्याकडची सकाळची एस.टी.ची फेरी बंद केली होती, त्याचं पत्रक हाताने लिहून आणलं होतं. बाहेर हायवेला कांद्याचे ट्रक खोळंबलेले, त्यांच्या हादऱ्याने तुमचा स्क्रीन थरथरत होता. तुम्ही कागद वाचलात, पेनाचं टोक एकेका ओळीवर टेकवत गेलात आणि म्हणालात, "अकरा उद्गारचिन्हं हायेत. येवढं खिळं ठोकल्यावं कागद फाटंल की." मी म्हणाले, राग आहे आमचा. तुम्ही म्हणालात, "राग ऱ्हाऊ दे. एकच खिळा देतो. कुठं ठोकू, तू सांग." मला ठरवता येईना. शेवटी एकही न ठेवता पत्रक छापलं. महिन्याभरात फेरी सुरू झाली. माझं मत, पत्रकामुळे. तुमचं मत, डेपोत नवा ड्रायव्हर आला म्हणून.

"पत्रक यष्टीत उभ्यानं वाचता आलं पायजे," तुम्ही म्हणायचात. "एका हातात दांडा, एका हातात कागद. वाक्य लांबलं की मानसाचा तोल जातो." त्यानंतर मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य दांडा धरून वाचून बघते. हेही बघतेय.

आणि मग ते भांडण. वाडीच्या दाव्यांचा गठ्ठा कार्यालयातून गायब झाला तेव्हा मी लिहिलं होतं की तिथल्या कारकुनाने पैसे खाऊन तो गायब केला. त्याचं नाव घालून. तुम्ही टाईप करता करता थांबलात.

"पैसं खाल्लं, ते तू बघितलंस?"

"सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यास्नी म्हाईत असतं ते मी छापत न्हाई. ज्यानं बघितलं त्याचं नाव आन."

"अण्णा, तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

"मी टायपिंगच्या बाजूचा. टाईप केलेलं खोटं लई दिस जगतं, पुढारीणबाई. आपल्यापरीस जास्त जगतं."

तेव्हा मी बोलले ते बोलले. म्हणाले, तुम्ही भित्रे आहात. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज टाईप केलेत, स्वतःची सही कशाखाली केली नाहीत. दुकानात लग्नाच्या पत्रिकेला आलेले दोघे होते, त्यांच्यासमोर बोलले. तुम्ही पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिलात आणि त्या दोघांना विचारलंत, "गणपती कोंचा घ्यायचा?"

पत्रक मी नारायणगावला छापून घेतलं. त्यानंतर आठ महिने, तुम्ही जाईपर्यंत, तुमच्या दुकानाची पायरी चढले नाही.

जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते इथे सांगते. दावे सापडले होते. कार्यालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा गोणीत भरून जिन्याखाली टाकले आणि विसरले. तुमची यादी त्यात नव्हती, पण दावे होते, सगळेच्या सगळे. कुणी पैसे खाल्ले नव्हते. निष्काळजीपणा होता, आणि तो काही लहान गुन्हा नाही, पण मी छापलं ते खोटं होतं. त्या कारकुनाच्या मुलीला कॉलेजात कुणीतरी ते पत्रक वाचून दाखवलं, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तेव्हा वाटलं, मंचरला जाऊन अण्णांना सांगावं. दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. दुसऱ्यांदा तुम्ही पायरीवर बसून चहा पीत होतात. मी परत फिरले, कारण तुम्ही "मी म्हनलं व्हतं" असं म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणाला असतात तर सोपं गेलं असतं.

तेराव्यानंतर काकींचा फोन आला. "दुकान भाड्याचंय. म्हयनाअखेर खाली करायचंय. भंगारवाला ईल म्हणलाय, त्याच्या आधी तुला काय पायजे ते काढून घे." मी गेले. तुमची खुर्ची रिकामी असेल असं वाटलं होतं, तर तिच्यावर काकींनी भाजीची पिशवी ठेवली होती. बरं झालं. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि खोकं ओढलं.

शंभराच्या आसपास फ्लॉप्या. दहा-दहाचे गठ्ठे, त्यांना लावलेले रबर वितळून चिकटलेले. लेबलावर तुमचं बारीक अक्षर. फ्लॉपी घातली की डबी आधी गुरगुरते, मग कट कट करते, मग एकतर फाईलींची नावं दिसतात किंवा संगणक विचारतो, ही डिस्क फॉरमॅट करायची का. म्हणजे मला हे वाचता येत नाही, तर पुसून टाकू का. अगदी कार्यालयासारखा प्रश्न. मी दर वेळी 'नाही' दाबत होते. उघडली तरी मराठी दिसेना, नुसते डॉलर, टक्के आणि कंस. तुमचा त्या काळचा फॉन्ट माझ्या लॅपटॉपमध्ये कुठून असणार? तो 'अक्षर' असं लिहिलेल्या फ्लॉपीत सापडला. तुम्ही फॉन्टसुद्धा जपून ठेवला होता. तो चढवला आणि डॉलर-कंसांतून एकदम शब्द उभे राहिले, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं." त्यापुढे लग्नंच लग्नं. सगळ्यांना तोच गणपती. पावणेमंडळींना तुम्ही कोंचा घ्यायचा विचारायचात आणि देताना एकच द्यायचात.

काकी हसल्या. मग तोंडाला पदर लावून मागे गेल्या. मी पुढची फ्लॉपी घातली.

'वाडी यादी – पक्की' असं लिहिलेली फ्लॉपी वेगळ्या डबीत होती, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांत. तुमची दसऱ्याची पूजा. दर दसऱ्याला तुम्ही संगणकाला हार घालायचात, कीबोर्डला गंध लावायचात, आणि ती एक डबी उघडून आतल्या फ्लॉपीवर ओलं हळदकुंकू आणि अक्षता वाहायचात. मी एकदा म्हणाले होते, कुंकवाने व्हायरस जातो का? तुम्ही म्हणालात, "तुझ्या भाषणानं जातोय का? बघू, बोल." आता त्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली, तर आत काळ्या चकतीवर लालपिवळा लेप होता. वर्षांवर्षांचा. कुंकू फटीतून आत गेलं होतं. खोक्यातल्या बाकी सगळ्या फ्लॉप्या धुळीत पडून नीट राहिल्या, आणि जिला देवासारखी ठेवलीत तीच गेली. दुकानातल्या एकाही गिऱ्हाइकाचं काम तुम्ही असं बिघडवलं नाहीत.

मी कापसाच्या काडीला स्पिरिट लावून चकती थोडी थोडी फिरवत पुसली. अर्धा दिवस गेला. वाळू दिली. मग घातली. डबी इतकी कटकटली की काकी बाहेर बघायला आल्या. यादी अर्धीच उतरली. मधली काही पानं मिळाली, पुढची-मागची नाहीत. अर्ध्या यादीवर अर्ध्या वाडीचे दावे टिकले असते. उरलेल्या अर्ध्या लोकांना मी काय सांगणार होते, कुंकू लागलं?

मग खोकं उलटं केलं. तळाशी खाकी पाकीट होतं. आत एकच फ्लॉपी. 'वाडी यादी – कच्ची.'

तिच्या कोपऱ्यातली छोटी खिट्टी तुम्ही सरकवून ठेवली होती. ती सरकवली की त्या फ्लॉपीवर नवं काही लिहिता येत नाही आणि आतलं पुसताही येत नाही. कुलूपच ते. बाकी एकाही फ्लॉपीला तुम्ही ते लावलेलं नव्हतं.

ती पहिल्या फटक्यात उघडली. सगळी पानं, सगळी घरं. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावल्या आणि मिळालेल्या पानांवर ओळीला ओळ ताडून बघायला लागले. ही सवयही तुमचीच, प्रुफाची. फाईलीवरची तारीख सांगत होती की कच्ची नऊ दिवस आधीची आहे. सगळ्या ओळी जुळत गेल्या. एक जुळली नाही.

कच्च्या यादीत लिहिलंय: ठकूबाई, देवळामागची उताराची जागा, नाचणी व वरई, नवऱ्याच्या हयातीपासून.

पक्क्या यादीत त्याच जागेसमोर तुमच्या वडिलांचं नाव आहे.

ठकूआजी म्हणजे तुमची सख्खी चुलती. तरणेपणी नवरा गेला, मूलबाळ नाही. वाडीच्या टोकाला एका खोलीत राहते, हिरडा गोळा करून विकते, लावणीला दुसऱ्यांच्या खाचरात जाते. देवळामागची जागा आज बबनभाऊ कसतात. त्या जागेवर ठकूआजीचा दावा मीच भरायला लावला होता. "जागा माझी हाय. कागुद न्हाई," एवढंच ती म्हणाली होती. आणि त्याच जागेवर बबनभाऊंचाही दावा आहे. दोन्ही दावे टाईप कुणी केले, अण्णा? त्याच खुर्चीत बसून? मी समोर उभी होते. तुम्ही मला विचारलंत, "म्हातारीचं वय काय टाकू?" तुमच्या चुलतीचं वय तुम्ही मला विचारलंत.

नऊ दिवसांत काय झालं असेल ते मला कुणी सांगायला नको. वडील म्हणाले असतील, नाव माझं घाल. तुम्ही घातलंत. मी तुम्हाला भित्रे म्हणाले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, पण तुम्हाला वाटलं असेल की माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात, ते मला आता कळतं. आणि टाईप केलेलं खोटं किती जगतं, हे तुम्ही कारकुनाबद्दल बोलत नव्हतात, हेही.

पण त्या ओळीत अजून एक गोष्ट आहे. पक्क्या यादीत तुम्ही नाव बदललंत आणि शेवटचा रकाना तसाच ठेवलात. तुमच्या वडिलांच्या नावापुढे आजही लिहिलेलं आहे, नवऱ्याच्या हयातीपासून. कार्यालयात ती यादी कुणी वाचलीच नाही, नाहीतर कुणीतरी विचारलं असतं की या गृहस्थांचा नवरा कोण. पत्रिकेतली एक चुकलेली वेलांटी तुम्ही दोन हातांवरून धरायचात. तुमच्या हातून हे चुकून राहिलं, असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. तुम्ही खोटं टाईप केलंत आणि त्याच्याच पोटात खरं ठेवून दिलंत. पुढे कुणीतरी वाचेल म्हणून. स्वतः मात्र कधी सांगितलं नाहीत. मला याचा राग येतो की नाही, ते अजून ठरत नाही.

मी काकींना बोलावलं आणि दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. त्या खुर्चीवरची पिशवी खाली ठेवून बसल्या. तेवढ्यात बबनभाऊ आले, कपाटं न्यायला टेंपो घेऊन. लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यांनाही दाखवलं.

ते स्क्रीनवर वाकले. मग म्हणाले, "ताई, एकच वळ हाय ना? बदला की. दादानं बदलली व्हतीच."

"ती खोटी होती, भाऊ."

"ईस वर्सं मी नांगरतोय ती जागा. माझं हात खोटं हायेत का? म्हातारीला काय करायचीय? ना पोर, ना बाळ. ती गेल्यावं कुनाकडं जानार जागा? आमच्याकडंच ना? मग आज का आन उद्या का."

"मग उद्याच घ्या," मी म्हणाले.

"तुमी लई शिकल्यात, ताई. पन माझ्या भावाचं नाव गावात घालवायला निघालात, येवढं ध्यानात ठिवा. तेराव्याचं जेवान अजून पचलं न्हाई लोकांस्नी."

तेच तर माझ्या मानेवर बसलं होतं. ओळ बदलली असती तर चाळीस घरांचं काम झालं असतं, तुमचं नाव राहिलं असतं, आणि कुणाला कधी कळलं नसतं. दोन शब्द टाईप करायचे होते. मी खोटं सांगत नाही, बोटं कीबोर्डवर होती. कारकुनाबद्दल छापताना मला एवढाही वेळ लागला नव्हता.

काकी मला म्हणाल्या, "ती फ्लापी पुसायला किती येळ लागतो गं?"

"दोन सेकंद."

"मंग त्यांनी ईतक्या वर्सांत पुसली का न्हाई?" मग दिराकडे बघून म्हणाल्या, "भावजी, तुमी कपाटं न्या. नावाचं मी बघते. मला ऱ्हायचंय त्या नावासंगं."

बबनभाऊंनी कपाटं नेली.

ग्रामसभा वाडीच्या देवळात भरली. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, याद्या दोन निघाल्या आहेत, एक अर्धी आणि एक पूर्ण. एका ओळीत फरक आहे. वाचणार कच्ची, कारण ती आधीची आणि पुरी आहे, आणि ठरावाला दोन्ही जोडणार. मागे कुजबुज झाली. एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, "वाच गं, बाकी नंतर बघू. उन्हं कलत्यात." मी वाचायला लागले. ज्याचं नाव येई तो "हाय" म्हणे. बरेच जण गेलेले, त्यांची मुलं "हाय" म्हणायची. एकाचा नातू म्हणाला. तुमचा कागद होता, अण्णा, आणि माणसं त्यातून एकेक उभी राहत होती. चाळीसांतलं एकही नाव चुकलं नव्हतं, एकही हद्द चुकली नव्हती. कुणाचा आंबा, कुणाचा ओढा, सगळं जागच्या जागी. हे तुम्ही एकट्याने, पायी, दोर घेऊन केलं होतं, आणि त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. मी फक्त यादी मागत राहिले.

मग ती ओळ आली. मी वाचली. कुणी "हाय" म्हणालं नाही.

ठकूआजी मागे, खांबाला टेकून बसली होती. "परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचली. देवळामागची उताराची जागा, नाचणी व वरई, नवऱ्याच्या हयातीपासून.

"ह्ये कुनी लिव्हलंय?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"कवा?"

"मोजणी केली तेव्हाच, आजी. दुकान नवीन होतं तेव्हा."

"म्हंजी त्याला म्हाईत व्हतं."

"हो."

बबनभाऊ दाराशी उभे होते. ग्रामसेवकाने विचारलं, या नोंदीवर कुणाची हरकत? सगळ्यांनी दाराकडे बघितलं. बबनभाऊ पायातल्या चपलेकडे बघत राहिले. त्यांनी हात वर केला नाही. काकी बायकांत बसल्या होत्या, ताठ, पदर डोक्यावरून.

"दर दिवाळीला यायचा," ठकूआजी म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, कुणाशीच नव्हती. "लुगडं आनायचा. पाया पडायचा. मी म्हनायची, येवढं भारी कशाला रं." ती थांबली. "लुगडं नको व्हतं. ह्ये सांगायचं व्हतं त्यानं. जिता असताना."

मला वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं, तुमच्या वतीने. तुम्ही ठेवलं होतं, पुसलं नव्हतं, कुलूप लावून ठेवलं होतं, असं काहीतरी. पण ती म्हणाली ते बरोबर होतं.

"हाय," ठकूआजी म्हणाली. मग म्हणाली, "वाच की फुडं. लोकं खोळंबल्यात."

मी कागदावर बोट ठेवलं. पुढची ओळ सापडायला थोडा वेळ लागला. मग मी पुढचं नाव वाचलं.